पू नाही म्हणून निर्धास्त!

मागच्या श्रावणात सासूबाईंच्या तळपायात, करंगळीखाली बाभळीचा काटा मोडला. त्यांनी सुईनं काटा काढला, हळद भरली आणि कामाला लागल्या. बारा वर्षांची शुगर त्यांना. आठवड्यानं मी विचारलं तर म्हणाल्या, "दुखत नाही गं, पूसुद्धा नाही." शेजारच्या अक्कांनीही धीर दिला, "कीवु इल्ल, अंजब्याड्री." आम्ही निर्धास्त झालो. दहाव्या दिवशी करंगळी काळी पडू लागली, तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

तिथल्या बाकावर बसून मी डॉक्टरांना विचारलं, पूच नव्हता, मग एवढं बिघडलं कसं? ते म्हणाले, "पू आला असता तर बरं झालं असतं. निदान तुम्ही लवकर आला असता."

पू म्हणजे घाण, असंच आपण समजतो. खरं तर त्यात बहुतांश असतात आपल्याच पांढऱ्या पेशी, जंतूंशी लढून मेलेल्या. ही लढाई पहिल्यांदा ओळखली गेली तीही काट्यामुळेच! 1882 साली सिसिली बेटावरच्या मेसिना गावात एल्या मेचनिकॉव्ह हे प्राणिशास्त्रज्ञ राहत होते. समुद्रातल्या तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात त्यांनी गुलाबाचे काटे टोचून ठेवले. सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा! परक्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या पेशी शरीरात असतात हे त्यांनी मांडलं, आणि 1908 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आपल्या शरीरात हे काम मुख्यतः न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी करतात. रक्ताच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशींमध्ये यांचाच टक्का सर्वांत मोठा असतो, पाहा. हाडांतल्या मज्जेत त्या रोज सुमारे दहा हजार कोटी तयार होतात, आणि आयुष्य फार थोडं. काटा रुतला की तिथल्या पेशी रसायनं सोडून हाक देतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल, गरम होते, सुजते, ठणकते. न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटत, गडगडत येतात आणि फटीतून बाहेर पडून जंतूंचा माग काढतात.

पण जंतू निसरडे असतात. मग रक्तातली प्रथिनं त्यांच्या अंगाला चिकटतात, की गिळणं सोपं. या प्रथिनांना ऑप्सोनिन म्हणतात. ग्रीक भाषेत जेवण रांधण्याच्या शब्दावरून हे नाव पडलं. कोरड्या भाकरीला चटणी लावावी, तसंच हे! गिळलेला जंतू पेशीतल्या पिशवीत अडकतो आणि तिथे त्याच्यावर जहाल रसायनांचा मारा होतो. पाण्यात क्लोरीन टाकल्यावर जो जंतुनाशक पदार्थ तयार होतो, तोच पेशी स्वतः बनवते. तो बनवणारं प्रथिन हिरवट असतं, म्हणून पूसुद्धा कधी हिरवट दिसतो. (सर्दीतला हिरवा शेंबूडही बराचसा त्यामुळेच. रंग पाहून लगेच अँटिबायोटिक मागायचं कारण नाही.) काही न्यूट्रोफिल तर मरताना स्वतःच्या डीएनएचे धागे जाळ्यासारखे बाहेर फेकून जंतू पकडतात. बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी हे 2004 मध्ये दाखवलं.

सासूबाईंच्या पायात हे सैन्य नव्हतं असं नाही. पण रक्तात साखर फार वाढली की या पेशी सुस्तावतात. पोचायला उशीर, गिळणं कमी, मारणं त्याहून कमी. त्यात पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या, म्हणजे वाटही बिकट. आणि नसा बधिर झाल्यानं ठणका कळतच नाही. म्हणून शुगरवाल्यांच्या जखमेत लाली, सूज, पू ही नेहमीची लक्षणं कमी दिसतात, किंवा दिसतच नाहीत. जंतू मात्र आत पसरत असतात. त्या दिवशी साखर 340 निघाली.

करंगळी काढावी लागली. बाकीचा पाय वाचला.

आता रोज रात्री जेवणं झाली की आमची धाकटी दाढीचा आरसा घेऊन बसते आणि आजीचे तळवे, बोटांच्या बेचक्या तपासते. अनवाणी अंगणात जायचं नाही, चपलेत हात घालून खडा आहे का ते आधी बघायचं, हे नियम तिनंच केलेत. परवा विचारत होती, "अज्जी, पू आलाय का?"

सासूबाई म्हणाल्या, "पू राहू दे गं, कुठे चिरलंय का, रंग बदललाय का, ते नीट बघ."