धबधब्याचा व्हिडिओ आणि पेनड्राइव्ह

राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेण्यांवरून पावसाळ्यात पाणी कोसळतं. त्याचं फोर-के चित्रण साठवायला मोठा पेनड्राइव्ह हवा. पाकिटावरच्या ‘यूएसबी ३.०’ला भुलू नका. सेकंदाला ५ गिगाबिट ही जोडणीची कमाल मर्यादा, आतली चिप तेवढी चपळ असेलच असं नाही. ठळक छापतात तो वाचनाचा वेग. लिहिण्याचा वेग अनेकदा छापतच नाहीत, आणि आपलं घोडं अडतं तिथेच! १२८ जीबीचे विंडोजवर सुमारे ११९ दिसतात. ती लबाडी नव्हे, मोजण्याच्या पद्धतीतला फरक. फॅट३२मध्ये ४ जीबीची फाइलही मावत नाही, म्हणून एक्सफॅट फॉरमॅट ठेवा. कवडीमोलाचा ‘२ टीबी’ ड्राइव्ह मात्र घेऊच नका. खोटी क्षमता दाखवणाऱ्या अशा ड्राइव्हमध्ये खरी जागा संपली की फायली निकामी होतात. ड्राइव्ह पूर्ण भरून, फायली उघडून पाहिल्याशिवाय फोनमधलं मूळ चित्रण पुसू नका.