ट्रॉलीतला ऊस आणि हरवलेला पायॉन: न्यूट्रिनोचा हिशेब का अडतो?

सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर गळीत हंगामात हे दृश्य नेहमीचे. उसाची ट्रॉली निघते, पोरे मागून दोन-चार ऊस ओढतात, काही वाटेत पडतात. फडातून निघाला त्यापेक्षा कमीच ऊस कारखान्याच्या काट्यावर पोहोचतो. नुसत्या काट्याच्या पावतीवरून फडात किती ऊस तुटला हे सांगायचे, तर वाटेतल्या घटीचा अंदाज हवा. न्यूट्रिनोच्या अभ्यासकांपुढे असेच कोडे आहे. त्यांच्या वाटेत हरवतो तो पायॉन.

पायॉन म्हणजे काय?
हा अत्यंत अल्पायुषी कण १९४७ मध्ये ब्रिस्टल येथे सेसिल पॉवेल यांच्या गटाने शोधला. वैश्विक किरण हवेवर आदळले की पायॉन तयार होतात आणि फुटून म्युऑन व न्यूट्रिनो देतात. अजिंक्यताऱ्यावर असा किंवा सांगलीत कृष्णाकाठी, तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन जातो. न्यूट्रिनो मात्र क्वचितच कशाला धडकतो. हवेत जन्मलेल्या न्यूट्रिनोची खूण १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर मिळाली. त्या प्रयोगात मुंबईची टीआयएफआर संस्था होती.

अडचण कुठे येते?
न्यूट्रिनो अणुकेंद्रातील प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनवर आदळला की कधी कधी ‘डेल्टा’ नावाचा क्षणभंगुर कण बनतो. तो फुटून पायॉन निघतो. पण काही पायॉन अणुकेंद्रातच शोषले जातात. उपकरणाला ते दिसत नाहीत आणि न्यूट्रिनोची ऊर्जा प्रत्यक्षापेक्षा कमी मोजली जाते.

मॉडेल काय करते?
किती धडकांत पायॉन निघेल, याचे गणित आखेन येथील डीटर राइन आणि ललित सेहगल यांनी १९८१ मध्ये मांडले. आजही अनेक संगणकीय प्रणाली त्याचा आधार घेतात. मात्र ते सुट्या प्रोटॉन-न्यूट्रॉनसाठी आहे. कार्बन किंवा अर्गॉनच्या अणुकेंद्रात पायॉनचे पुढे काय होते, याचा हिशेब वेगळा करावा लागतो. अमेरिकेतील फर्मीलॅबच्या ‘मिनीबून’ आणि ‘मिनर्वा’ या दोन प्रयोगांची पायॉनची मोजणी एकाच मॉडेलमध्ये नीट बसवणे अजूनही अवघड जाते. ‘मिनर्वा’त अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे संशोधकही सहभागी होते.

एवढा खटाटोप कशासाठी?
प्रवासात न्यूट्रिनो आपला प्रकार बदलतो. हा बदल अंतर आणि ऊर्जेवर ठरतो. फर्मीलॅबच्या ‘ड्यून’ प्रकल्पात न्यूट्रिनो जमिनीखालून सुमारे १,३०० किलोमीटर जाणार आहेत. अंतर पक्के ठाऊक आहे. ऊर्जा चुकली तर उत्तरही चुकेल. प्रश्नही मोठा आहे: न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो वेगळे वागतात का? विश्वात प्रतिपदार्थ संपून पदार्थ का उरला, याचा धागा तिथे मिळू शकतो.

न्यूट्रिनो संशोधनासाठी भारत आणि अमेरिकेने २०१८ मध्ये करार केला. ‘ड्यून’मध्ये न्यूट्रिनो लांबच्या प्रवासाला निघण्याआधीच फर्मीलॅबमध्ये एक मोजणी होणार आहे. पायॉनची घट किती धरायची, हे त्या मोजणीवरून तपासता येईल.