पहिले शील आणि ससाणे

गेल्या नोव्हेंबरअखेर वस्तीतील आम्ही वीसेक जण, मुलाबाळांसह, कार्ले लेणी पाहून लोणावळ्याच्या माळावर गेलो. मागून आणलेली एकच दुर्बीण. ती सर्वांच्या हातून फिरली. वर अमूर ससाणे चतुर टिपत होते. पारव्याहून लहान असा हा पक्षी सैबेरिया व उत्तर चीनमधून निघतो आणि अरबी समुद्र ओलांडून थेट दक्षिण आफ्रिकेत जातो.

२०१२ साली नागालँडमधील दोयांग जलाशयावर हे ससाणे जाळ्यांत पकडून हजारोंनी मारले गेले. २०१३ साली त्याच गावांनी शिकार थांबवली. पंचशील न म्हणता त्यांनी पहिले शील पाळले. आपण ते नित्य म्हणतो. पण आमच्याच पोरांच्या खिशात बेचक्या निघाल्या! त्या मुलांनी तिथेच आमच्या स्वाधीन केल्या. बंधुभगिनींनो, आपल्या घरातले खिसेही तपासा.