तारण मालमत्तेचा लिलाव : विकणारी बँक, मालक कर्जदार

कर्ज थकल्यामुळे बँकेने ताब्यात घेतलेले घर, गाळा किंवा कारखाना लिलावात विकला जातो तेव्हा विकणारी बँक त्या मालमत्तेची मालक नसते, ही गोष्ट या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी आहे आणि नेमकी तीच कर्जदार, खरेदीदार आणि पुष्कळदा बँकेचे अधिकारीही विसरतात. विक्री कायम होऊन खरेदीदाराला प्रमाणपत्र मिळेपर्यंत मालकी कर्जदाराचीच राहते. बँकेला कायद्याने मिळालेला असतो तो केवळ आपले येणे वसूल करण्यापुरता विक्रीचा अधिकार. म्हणूनच लिलावात जास्तीचा मिळालेला प्रत्येक रुपया कर्जदाराचा भार तेवढा हलका करतो आणि स्वस्तात गेलेल्या मालमत्तेचा तोटाही अखेर त्याच्याच माथी येतो.

कर्जापायी होणाऱ्या विक्रीचे चटके महाराष्ट्राला जुने आहेत. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या आणि अहमदनगर जिल्ह्यातही पसरलेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, कारण त्याच रोख्यांच्या आधारे न्यायालयाचे हुकूमनामे मिळवून जमिनी सावकारांकडे जात होत्या. त्या असंतोषातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुढे शंभर वर्षांनी प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला : बँकांचे दावे दिवाणी न्यायालयांत वर्षानुवर्षे पडून राहू लागले, १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेली कर्जवसुली न्यायाधिकरणेही तुंबली, आणि नरसिंहम व अंध्यारुजिना समित्यांच्या शिफारशींनंतर २००२ मध्ये संसदेने जो कायदा केला तो त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सरफेसी’ या नावाने ओळखला जातो. या कायद्याने तारण मालमत्ता न्यायालयात दावा न लावता ताब्यात घेऊन विकण्याची मुभा बँकांना दिली, मात्र शेतजमीन त्याच्या कक्षेबाहेर ठेवली.

सलग नव्वद दिवस हप्ता किंवा व्याज थकले की कर्ज अनुत्पादक, म्हणजेच एनपीए, ठरते. त्यानंतर बँक कलम १३(२) खाली साठ दिवसांची मागणी नोटीस देते आणि कर्जदाराने त्यावर लेखी आक्षेप घेतला तर पंधरा दिवसांत त्याला सकारण उत्तर देणे बँकेवर बंधनकारक असते. मुद्दल व व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या वीस टक्क्यांहून कमी येणे उरले असेल तर या कायद्याचा बडगा उगारताच येत नाही, ही तरतूद फार थोड्या कर्जदारांना ठाऊक असते. साठ दिवस उलटल्यावर बँकेचा प्राधिकृत अधिकारी (सरकारी बँकेत हा किमान मुख्य व्यवस्थापक दर्जाचा असावा लागतो) मालमत्तेवर कब्ज्याची सूचना चिकटवतो आणि सात दिवसांत ती दोन वृत्तपत्रांत छापतो, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील. कागदोपत्री घेतलेल्या या ताब्याला सांकेतिक कब्जा म्हणतात. माणसे घरात राहत असतील आणि विरोध करत असतील तर प्रत्यक्ष कब्ज्यासाठी बँकेला कलम १४ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्याची, किंवा मुंबईसारख्या महानगरात मुख्य महानगर दंडाधिकाऱ्याची, मदत घ्यावी लागते. या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. मूळ कायद्यात त्यासाठी येणे रकमेच्या पंचाहत्तर टक्के आधी भरण्याची अट होती; मार्डिया केमिकल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कायदा वैध ठरवला, पण ही अट रद्द केली, आणि ते योग्यच झाले, कारण ज्याच्याजवळ पंचाहत्तर टक्के रक्कम आहे त्याला दाद मागण्याची वेळच सहसा येत नाही.

लिलावाचा खरा गाभा मात्र किमतीत आहे. मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून मूल्यांकन करून घेऊन प्राधिकृत अधिकारी राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विक्री करायची नाही ती किंमत, ठरवतो आणि कर्जदाराला विक्रीची तीस दिवसांची सूचना देतो. पहिला लिलाव फसला तर पुढच्या वेळी ही मुदत पंधरा दिवसांची होते. मॅथ्यू वर्गीस प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे तीस दिवस सक्तीचे मानले. अलीकडे बोली संगणकावर लागते आणि ती चालवणाऱ्या स्वतंत्र संस्था असतात. सरकारी बँकांच्या मालमत्तांसाठी जानेवारी २०२५ मध्ये ‘बँकनेट’ हे सामाईक संकेतस्थळ नव्याने सुरू झाले. परंतु लिलाव चालवणारी संस्था ही केवळ साधन असते, विक्रीची जबाबदारी प्राधिकृत अधिकाऱ्याचीच राहते. वृत्तपत्रांतील या सूचना बहुधा बारीक टायपात, चतुःसीमा आणि गट क्रमांकांच्या गर्दीत अशा छापल्या जातात की इमारतीचे नाव शोधतानाही वाचकाची दमछाक व्हावी. जी सूचना सामान्य माणसाला वाचता येत नाही तिच्याकडे सामान्य खरेदीदार फिरकत नाही, आणि मग मोजके सराईत लोकच बोली लावतात. किंमत पडते ती तिथे.

गहाण सोडवून घेण्याचा हक्कही आता आकसला आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार तो विक्री पूर्ण होईपर्यंत जिवंत राहत असे, पण २०१६ च्या दुरुस्तीने सरफेसीच्या कलम १३(८) मध्ये लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी सर्व येणे भरण्याची मर्यादा आली. नवी मुंबईतील एका औद्योगिक भूखंडाचे आठ लिलाव फसल्यावर नवव्या वेळी १०५ कोटी ५ लाख रुपयांची बोली आली आणि त्यानंतर कर्जदार कंपनीने १२९ कोटी भरून तो सोडवण्याची तयारी दाखवली. मुंबई उच्च न्यायालयाने ती मान्य केली, पण सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या निकालात खरेदीदाराच्या बाजूने कौल दिला. लिलावावरचा विश्वास टिकावा ही न्यायालयाची चिंता समजण्यासारखी आहे, परंतु जे कुटुंब विक्रीची सूचना छापून आल्यावरच नातेवाइकांकडे धावाधाव करते त्याच्यासाठी हा नियम फार कठोर आहे.

खरेदीदाराची वाटही सोपी नाही. ‘जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे’ या तत्त्वावर विक्री होते, म्हणजे मालमत्तेतील दोष, अनधिकृत बांधकाम, बसलेला भाडेकरू, सोसायटीची थकबाकी हे सारे शोधून काढण्याचे काम बोली लावणाऱ्याचे. आधीच्या मालकाचे थकलेले वीजबिलही नियमांत तशी तरतूद असेल तर नव्या खरेदीदाराकडून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने के. सी. निनान प्रकरणात मे २०२३ मध्ये सांगितले. सरकारी विक्रीकराच्या बोजाबाबत मात्र जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये, केंद्रीय नोंदणीत आपला हक्क नोंदवलेल्या बँकेला अग्रक्रम दिला. बोली जिंकणाऱ्याने अनामत रकमेसह पंचवीस टक्के त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या पुढच्या दिवशी भरायचे आणि उरलेली रक्कम पंधरा दिवसांत; परस्पर संमतीने ही मुदत वाढली तरी तीन महिन्यांपलीकडे नाही. गृहकर्ज मिळेल या भरवशावर बोली लावणारी माणसे इथेच अडकतात, कारण रक्कम चुकली की भरलेले पंचवीस टक्के जप्त होतात आणि ही जप्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये उचलून धरली आहे.

सहकारी बँकांना सरफेसी कायदा लागू होतो की नाही हा वाद कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणातून घटनापीठापर्यंत गेला आणि मे २०२० मध्ये होकारार्थी मिटला. पतसंस्था मात्र सहकार कायद्याच्या कलम १०१ खालील वसुली दाखल्याच्या मार्गाने जातात.

विक्रीतून आलेल्या पैशातून आधी खर्च, मग बँकेचे येणे आणि उरलेले सारे ज्याचा हक्क त्याला, असा क्रम सरफेसीच्या कलम १३(७) ने घालून दिला आहे. किंमत अपुरी पडली तर कलम १३(१०) प्रमाणे उरलेल्या रकमेसाठी कर्जदारामागचा तगादा सुरूच राहतो. घर गेल्याच्या धक्क्यात बहुतेक कुटुंबे बँकेची पायरी पुन्हा चढत नाहीत, त्यामुळे जमा झालेल्या किमतीचा, खर्चाचा आणि शिलकीचा हिशेब विचारायचा राहून जातो. ज्यांचे घर असे विकले गेले असेल त्यांनी आणि त्यांच्या जामीनदारांनी हा हिशेब लेखी अर्जाने मागावा, आणि त्या अर्जाची पोच घेतल्याशिवाय बँकेतून बाहेर पडू नये.