लिहिले, पण पोचले का?

गेल्या वर्षीची गोष्ट. वार्षिकांकासाठी लिहिलेला लेख मी सानगडीतल्या एका संगणकावरून पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला. काम झाल्याची खूण पडद्यावर उमटली. साकोलीच्या बसची वेळ झाली होती, म्हणून पेन ड्राइव्ह उपसला, खिशात टाकला आणि धावत सुटलो. साकोलीला छपाईवाल्याकडे पाहतो तो काय, फाइलचे नाव तेवढे शाबूत. आत एक अक्षर नाही! लेख अर्थातच अंकात आला नाही.

मग संगणक खोटे बोलला काय? तसे नव्हे. ‘लिहिले’ या शब्दाचा त्याचा अर्थ निराळा होता, एवढेच.

संगणकात सर्व कार्यक्रमांच्या खाली एक कारभारी बसलेला असतो. त्याला कर्नेल, म्हणजे गाभा, म्हणतात. कोणताही कार्यक्रम डिस्कवर स्वतः लिहीत नाही. तो मजकूर कर्नेलच्या हवाली करतो. फिरत्या डिस्कला योग्य जागा शोधायला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. आपल्याला तो क्षणही वाटत नाही, पण तेवढ्यात प्रोसेसरची कोट्यवधी कामे उरकतात. म्हणून कर्नेल मजकूर आधी स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, ठेवून घेतो, त्या पानावर ‘मळलेले’ अशी खूण करतो आणि कार्यक्रमाला लगेच मोकळे करतो. खरे लेखन मागाहून होते. यालाच असिंक्रोनस, म्हणजे वाट पाहायला न लावणारे, लेखन म्हणतात. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत दर ५ सेकंदांनी पाहणी होते आणि ३० सेकंदांहून जुनी मळलेली पाने डिस्ककडे रवाना होतात. एकच पान दहा वेळा बदलले, तरी लिहावे लागते एकदाच. फायदा मोठा आहे. मात्र मधल्या काळात वीज गेली की रॅममधले सारे पुसले जाते.

आपल्या भागातला दाखला घेऊ. धान खरेदी केंद्रावर पोती उतरवली म्हणजे धान विकले गेले असे कोणी शेतकरी मानत नाही. काटा व्हावा लागतो, पावती हाती यावी लागते. संगणकातही अशी पावती मागता येते. तिचे नाव ‘एफसिंक’. ही आज्ञा दिली, की मजकूर डिस्कवर पोचेपर्यंत कर्नेल कार्यक्रमाला थांबवून ठेवतो. बँकेच्या खात्याची वा सातबाऱ्याची नोंद करताना असे थांबणेच शहाणपणाचे.

लिहिता लिहिताच वीज गेली तर? येथे दुकानदाराची रीत कामी येते: आधी रोजकीर्द, मग खतावणी. खतावणी अर्धवट राहिली, तरी रोजकीर्दीवरून ती पुरी करता येते. २००१ साली लिनक्सच्या कर्नेलमध्ये आलेली ‘ईएक्सटी ३’ ही फाइल पद्धती अशीच रोजकीर्द ठेवते. दुसरा उपाय जुन्या नोंदीवर न गिरवता नव्या जागी लिहिण्याचा. सन मायक्रोसिस्टिम्सच्या ‘झेडएफएस’ची ही तऱ्हा. ती लिनक्सवर आणण्याची खटपट २०१० च्या सुमारास पुण्याच्या केक्यू इन्फोटेक या कंपनीनेही केली होती.

पण पावतीच चुकीची निघाली तर? २०१८ साली ‘पोस्टग्रेस’ या माहितीसाठा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या कर्त्यांना नेमके हेच आढळले. मागाहूनचे लेखन फसले, तर लिनक्स ती चूक एफसिंकला एकदा सांगे. पण न पोचलेल्या पानांवरची ‘मळलेले’ ही खूणही पुसून टाकी. कार्यक्रमाने पुन्हा विचारले की उत्तर येई, सर्व ठीक! शेवटी २०१९ मध्ये पोस्टग्रेसने आपली रीत बदलली: एफसिंक फसले, की काम तिथेच थांबवायचे आणि आपल्या रोजकीर्दीवरून सारे नव्याने उभे करायचे. पुन्हा विचारण्यापेक्षा पुन्हा लिहिणे बरे, हा त्याचा मथितार्थ.

विद्यार्थीमित्रहो, घाईत काम करणारा कर्नेल दोषी नाही. त्याच्या घाईमुळेच आपला संगणक चपळ वाटतो. मात्र स्वीकारणे आणि पोचवणे या दोन गोष्टी निराळ्या, हे आपण ओळखले पाहिजे. पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी ‘सुरक्षितपणे काढा’ ही आज्ञा देणे म्हणजे पावती मागणेच होय. यंदा मी ती मागितली. बस चुकली खरी, पण लेख आपल्या हाती पोचला आहे.