वडीलधाऱ्यांची बोटीची सफर

सुगी उरकली, माल बाजारात गेला, की घरातली वडीलधारी मंडळी देवदर्शनाला बाहेर पडतात. पंढरपूर, आळंदी, अक्कलकोट ही ठिकाणे ठरलेली. पण अलीकडे शहरात नोकरीला असलेला मुलगा म्हणतो, "आई, आबा, यंदा तुम्हांला बोटीतून गोव्याला पाठवतो." आबांना बरे वाटते आणि धास्तीही वाटते. देशावरच्या माणसाचे आयुष्य विहिरीच्या अन् कॅनॉलच्या पाण्यावर गेलेले. समुद्राशी त्याचा संबंध तो केवढा! शिवाय पैसा कष्टाचा आणि शरीर पूर्वीसारखे राहिलेले नाही. तेव्हा होकार देण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी बसून काही गोष्टींचा विचार करावा.

वाट जुनी, बोट नवी

कोकणातल्या जुन्या माणसांना बोटीचे नवल नाही. मुंबईहून कोकणच्या बंदरांना लागत बोटी जात, आणि पावसाळा आला की बंद होत. आताची बोट मात्र गावी पोचवणारी नाही. ती फिरवून आणणारी आहे. 2021 सालापासून मुंबईहून 'एम्प्रेस' या जहाजाच्या सफरी सुरू झाल्या. हे जहाज 210 मीटर लांब आहे. एसटीच्या सतरा-अठरा गाड्या एकापुढे एक उभ्या केल्या तर तेवढी लांबी भरेल! राहणे, जेवण, करमणूक सारे आतच. गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी निघाल्या.

केव्हा जावे?

जून ते ऑगस्ट अरबी समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ शांत आणि हवा सोसणारी. खरिपाचे आवरून गव्हा-हरभऱ्याच्या दोन पाण्यांच्या मध्ये सवड काढता येते. तरी दुभत्या जनावरांची धार कोण काढणार, पाणी कोण धरणार, हे आधी ठरवा. मन गोठ्यात आणि शरीर बोटीवर, अशी सफर काय कामाची?

प्रथमच जाणाऱ्यांनी दोन किंवा तीन रात्रींचीच सफर निवडावी. त्याहूनही स्वस्त परीक्षा हवी असेल, तर मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जावे. मार्च 2020 पासून तेथे मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट आहे. तासाभराच्या त्या प्रवासात बोट लागते की नाही, हे कळून चुकते.

पैशाचा हिशेब

भाडे माणशी सांगतात, पण ते एका केबिनमध्ये दोघे धरून असते. एकट्या माणसाला जादा पडते. बंदराचे शुल्क, कर, थंड पेये, किनाऱ्यावरची सहल, इंटरनेट यांचे वेगळे लागतात का, हे विचारून कागदावर लिहून घ्या. सफर रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, तेही लिहून घ्या. शाकाहारी किंवा उपवासाचे जेवण लागत असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगावे. बी-बियाण्याचा किंवा पीककर्जाचा पैसा यात घालू नये. बोट यंदा नाही तर पुढच्या वर्षी मिळेल. पेरणीची वेळ टळली तर परत येत नाही.

केबिन कोणती घ्यावी?

जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे सर्वांत कमी लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी लिफ्टजवळची केबिन मागावी. न्हाणीघराच्या दारात उंच उंबरा आहे का, धरायला दांडा आहे का, हे विचारावे. लक्षद्वीपच्या बेटांना मोठे जहाज टेकत नाही. प्रवाशांना छोट्या होडीत उतरून किनाऱ्याला जावे लागते. हलत्या होडीत पाय टाकणे ज्यांना जमणार नाही, त्यांनी गोव्याची सफर घ्यावी. मुरगावला जहाज धक्क्याला लागते, आणि फोंडा तालुक्यातील मंगेशी व शांतादुर्गा यांचे दर्शनही घेता येते. मात्र ठरल्या वेळेच्या तासभर आधी धक्क्यावर परतावे. जहाज कोणासाठी थांबत नाही. तसेच मुंबईला आदल्या दिवशीच पोचावे.

औषधे आणि प्रकृती

जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटा. मुलांचा हिरमोड होईल म्हणून आजार लपवू नये. भर समुद्रात छातीत दुखू लागले, तर इस्पितळ गाठायला वेळ लागतो. जहाजावर डॉक्टर असतात, पण उपचाराचा खर्च वेगळा पडतो. म्हणून प्रवासाचा विमा काढावा आणि जुने आजार त्यात लिहावेत.

रक्तदाब, मधुमेह यांची औषधे दुप्पट दिवसांची घ्या. ती मोठ्या पेटीत न टाकता हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. इन्शुलिन असेल तर थंड ठेवण्याची सोय विचारा.

बोट लागते ती कान आणि डोळे यांचा मेळ न बसल्याने. अशा वेळी मोकळ्या हवेत बसून दूर क्षितिजाकडे पाहावे, पोट रिकामे ठेवू नये, आल्याचा तुकडा चघळावा. त्यावरच्या गोळ्यांनी गुंगी येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना त्या बाधू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, कारण जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ लवकर पसरते.

बोटीवर चढल्यावर

पहिल्या दिवशी भोंगा वाजवून संकटकाळी कुठे जमायचे, लाईफ जॅकेट कसे बांधायचे, हे शिकवतात. ते चुकवू नका. 2012 साली इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज खडकावर आदळून 32 जण दगावले. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची ही कवायत झालेलीच नव्हती. 2015 पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच ती घेणे नियमाने बंधनकारक आहे. न समजल्यास हिंदीत किंवा मराठीत पुन्हा सांगायला लावा. त्यात संकोच कसला?

रबरी तळव्याची चप्पल, काठी, ओळखपत्र, चष्म्याची दुसरी जोडी आणि मुलांचे फोन नंबर लिहिलेला कागद जवळ असू द्या. जहाजाच्या जाळ्यावरून फोन महाग पडतो. मोबाईल विमान मोडवर ठेवावा आणि बंदर आले की घरी खुशाली कळवावी.

आणि मुलांनीही एक ध्यानात ठेवावे. तिकिटे काढण्याआधी आई-आबांना मनापासून विचारा, सांगितले ते ऐका. आई म्हणाली, "मला नको पाणी, मला तुळजापूरला ने," तर तेही आनंदाने करा. पण त्यांच्या डोळ्यांत समुद्र पाहण्याची हौस दिसली, तर हातपाय चालताहेत तोवरच हा बेत तडीस न्या.