खुर्चीची झाली गाडी

पोळ्याचा दुसरा दिवस डोळ्यांसमोर आणा. वर्धा जिल्ह्यातील आमच्या रोहण्यात, तसेच साऱ्या विदर्भात, त्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुले लाकडी बैल सजवतात. त्या बैलांच्या पायांखाली छोटी चाके असतात. कोणी शेतकरी बनतो, कोणी सैनिक, तर कोणी राजा. बैल ओढत मुले घरोघर जातात आणि बोजारा मागतात. त्या दिवशी गावात मुलांचे राज्य असते.

अशाच एका तान्ह्या पोळ्याला मला ओट्यावर एक मुलगा बसलेला दिसला. वय नऊ-दहा वर्षांचे. त्याला चालता येत नव्हते. शेजारी त्याची चाकांची खुर्ची होती. मी विचारले, "बेटा, तू नाही गेलास?" तो म्हणाला, "सर, खुर्चीवर बसून मी काय बनणार?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पुढे एके ठिकाणी वाचलेल्या हकिकतीत मला ते सापडले. तीच आज तुम्हांला सांगतो.

अमेरिकेतील ओरेगन राज्यात रायन वायमर नावाचे गृहस्थ राहतात. त्यांच्या मुलाला स्नायू दुबळे करणारा आजार होता. तो व्हीलचेअर वापरत असे. तिकडे 31 ऑक्टोबरला 'हॅलोविन' नावाचा सण असतो. त्या दिवशी मुले नाना प्रकारचे वेश घेऊन घरोघर जातात व खाऊ मागतात. आपल्या तान्ह्या पोळ्यासारखेच! 2008 साली या मुलाला समुद्री चाचा व्हायचे होते. वडिलांनी विचार केला, चाच्याला जहाज हवेच. मग त्यांनी खुर्चीभोवतीच जहाज बांधले. मुलगा बाहेर पडताच इतर मुले त्याच्याभोवती गोळा झाली. एरवी लोक त्याच्याकडे दयेने पाहत. त्या दिवशी सगळे कौतुकाने पाहू लागले.

यातूनच पुढे 'मॅजिक व्हीलचेअर' ही संस्था उभी राहिली. तिचे स्वयंसेवक मुलांच्या खुर्च्यांभोवती असे देखावे तयार करतात. मुलांच्या घरच्यांकडून ते एक पैसाही घेत नाहीत.

हे काम होते कसे? सर्वांत आधी मुलाला विचारतात, "तुला काय व्हायचे आहे?" निवड त्याची, मेहनत बाकीच्यांची. मग खुर्चीची लांबी, रुंदी, उंची मोजतात. हलक्या नळ्यांचा सांगाडा बांधतात. त्यावर फोम किंवा पुठ्ठा चढवतात आणि शेवटी रंग देतात.

यात काही गोष्टी फार जपाव्या लागतात. खुर्ची म्हणजे त्या मुलाचे पाय. तिला खिळा ठोकायचा नाही की भोक पाडायचे नाही. सांगाडा पट्ट्यांनी बांधायचा, म्हणजे तो झटकन सोडता येतो. चाके आणि ब्रेक मोकळे ठेवायचे. पुढच्या बाजूला वजन जास्त झाले, तर उतारावर खुर्ची कलंडेल. म्हणून दोन्ही बाजूंचा तोल सांभाळायचा. मुलाला समोरचे नीट दिसले पाहिजे आणि वारा लागला पाहिजे. दाराची आणि गल्लीची रुंदीही आधीच मोजायची. नाहीतर जहाज तयार होईल, पण अंगणातच अडकेल!

तुम्ही म्हणाल, "सर, हे अमेरिकेत ठीक आहे. आपल्याकडे एवढे सामान कुठे?" मित्रांनो, मोहरमचा ताजिया आठवा. बांबूच्या कामट्या, सुतळी, खळ आणि रंगीत कागद. एवढ्यावरच आपले कारागीर केवढा डौलदार ताजिया उभा करतात! हे कौशल्य आपल्या घराघरांत आहे.

आपल्या देशातही अशी उदाहरणे आहेत. नृत्यगुरू सय्यद सलाउद्दीन पाशा यांनी अपंग मुलामुलींना व्हीलचेअरवर बसून भरतनाट्यम करायला शिकवले. रंगमंचावर त्यांच्या खुर्च्या गिरक्या घेतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही सांस्कृतिक जीवनात भाग घेणे हा दिव्यांगांचा हक्क मानला आहे. म्हणजे ही कोणाची मेहेरबानी नव्हे.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आधी मी चार विद्यार्थ्यांना घेऊन त्या मुलाकडे गेलो. मला वाटले, तो राजा होईल. आम्ही मनात रथसुद्धा ठरवला होता. पण तो म्हणाला, "मला लाल बसचा ड्रायव्हर व्हायचे आहे. नेहमी लोक मला उचलून बसमध्ये बसवतात. आज मी लोकांना नेणार!"

रथ मनातच राहिला. आम्ही कामट्या व पुठ्ठ्याची बस केली. पोळ्याला पाऊस असतो, म्हणून पुठ्ठ्यावर तेलरंग दिला. समोर पाटी लावली : 'रोहणा – आर्वी'. मागे दोरीने त्याचा लाकडी बैल बांधला. गल्लीत मुले ओरडू लागली, "थांबव, थांबव, आम्हांला घे!" तो ऐटीत म्हणाला, "रांगेत या!"

त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. आम्ही खुर्ची लपवली नव्हती. तिच्यामुळेच तर बस धावत होती. लाकडी बैलही चाकांवरच चालतो. त्याची कोणी कीव करत नाही. मग चाकांवर चालणाऱ्या मुलाची कीव कशाला?

तुमच्या गल्लीतही असा एखादा मित्र किंवा मैत्रीण ओट्यावर बसलेली असेल. आधी तिच्याजवळ जा. काय बनवायचे, ते आपण ठरवू नका. तिला विचारा.

स्वाध्याय
1. ओट्यावरच्या मुलाने लेखकाला कोणता प्रश्न विचारला?
2. खुर्चीभोवती देखावा बांधताना कोणती काळजी घ्यावी लागते?
3. मुलाने लाल बसचा ड्रायव्हर व्हायचे का ठरवले?
4. 'दया' आणि 'कौतुक' यांतील फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.